संचमान्यतेत न बसणारी कामं

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे सांगणारा सरकारी तक्ता, हातात आली की हायस्कूलमध्ये सगळ्यांची नजर आधी एकाच रकान्यावर जाते: अतिरिक्त, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचे शिक्षक, किती? तिथे शून्य दिसलं की सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि तक्ता फायलीत जातो. माझ्या मते खरी गोची तिथूनच सुरू होते. पद मंजूर होतं पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर, आणि शाळा चालते तासिकांवर.

हिशेब करून बघा. नववी-दहावीची एकेक तुकडी, वर्गात चाळीसेक मुलं. आठवड्याला 45 तासिका धरल्या तर दोन तुकड्यांच्या 90. प्रत्येकाला 30 दिल्या की तीन शिक्षकांत काम भागतं, निदान कागदावर. पण विषय आहेत मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे, शिवाय शारीरिक शिक्षण आणि बाकीचे श्रेणी विषय. एकाने गणित-विज्ञान उचललं, दुसऱ्याने मराठी-हिंदी, तिसऱ्याने इतिहास-भूगोल. मग इंग्रजी कोणाकडे? ज्याच्या वेळापत्रकात भोक आहे त्याच्याकडे. त्याची बी.एड.ची मेथड, म्हणजे शिकवायचा विषय, कुठली होती, हे कुणी विचारत नाही. पुढे दहावीच्या निकालावर आपणच म्हणतो, पोरांचा पाया कच्चा.

सहावी ते आठवीला निदान कायद्याचा टेकू आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत 35 मुलांमागे एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे, भाषा या तिन्हींसाठी किमान एकेक, असं स्पष्ट लिहिलंय. पण कायदा 14 वर्षं वयापर्यंतचा. नववीत गेलं की मुलाच्या वाट्याला पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारे शासन निर्णय येतात: आधी 28 ऑगस्ट 2015 चा, मग 15 मार्च 2024 चा. कमी पटाच्या शाळांचा जो आरडाओरडा चालतो तो याच कागदांवरून, आणि तो रास्त आहे.

पटाचीही एक गंमत आहे. मोजणी 30 सप्टेंबरची. यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, नाव, जन्मतारीख, लिंग आधारशी जुळलं नाही तर वर्गात रोज बसणारा मुलगा संचमान्यतेच्या मोजणीत अडकतो. जनरल रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं. किंवा जुन्या शाळेने दाखला दिला पण ऑनलाइन नाव सोडलंच नाही. अशी चार-पाच नावं अडकली आणि पट सीमेवर असला की एक पद जातं. हे काम जूनमध्ये, प्रवेशाच्या वेळीच करायचं असतं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हरशी झटापट करून काही होत नाही. ऊसतोडीच्या मुलांचं तर विचारूच नका. टोळ्या निघतात मोजणी झाल्यावर, त्यामुळे कारखान्याच्या भागातल्या शाळेत ती मुलं येऊन बसतात, पण त्यांच्यासाठी शिक्षक वाढत नाही.

आता जे कुठल्याच रकान्यात नाही ते. चाळीसच्या दोन वर्गांच्या निबंधाच्या वह्या, एका वहीला तीन मिनिटं, म्हणजे चार तास. हे नीट झालं तरच आठवीतलं एखादं मूल अक्षरं उलटी लिहितं, तोंडी सगळं सांगतं पण कागदावर अडतं, हे लक्षात येतं. तिथून पुढे पालकांना समजावणं, अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव. एवढं झालं तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा किंवा लेखनिक मिळतो. दहावीच्या डिसेंबरात जाग आली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्येच विशेष शिक्षकाचं प्रमाण सांगितलं: प्राथमिकला 10 विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक, पुढच्या वर्गांना 15 मागे एक. हायस्कूलला प्रत्यक्षात भेटतो तो अनेक शाळा फिरणारा माणूस, अधूनमधून.

समुपदेशनाचं तसंच. 600 मुलांच्या शाळेत दहातल्या एकाला महिन्यातून अर्धा तास द्यायचा म्हटलं तर 30 तास होतात, म्हणजे आठवड्याला 35 मिनिटांच्या बारा-तेरा तासिका. जवळजवळ अर्धं पद! 10 मार्च 2022 च्या शासन निर्णयाने मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत सखी सावित्री समिती आली, फलक लागले. पण मुलीने दार लावून बोलावं अशी खोली कुठे आहे? आणि ऐकून घेणाऱ्या बाईंचा पुढचा तास कोण घेणार? पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे अशा अत्याचाराची माहिती कळल्यावर ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, याचं प्रशिक्षणही क्वचितच होतं.

शिपाई निवृत्त झाला की 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानुसार पुन्हा पद नाही, शाळेला फक्त शिपाई भत्ता. लिपिक नसेल तर शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतली पगाराची बिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाचे फॉर्म मुख्याध्यापकांच्या टेबलावर. त्यात कुणी 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर गेलं (हक्काची रजा आहे, त्याबद्दल कुरकुर नको) तर तिच्या 30 तासिका उरलेल्या दोघांवर. मग पहिला बळी जातो जादा तासाचा, दुसरा वह्यांचा.

म्हणून मुख्याध्यापकांनी संचमान्यतेसोबत आणखी एक कागद करावा असं मला वाटतं. काम, आठवड्याचे तास, सध्या कोण करतं, ते करताना कुठला वर्ग रिकामा राहतो, एवढे चार रकाने. बीएलओचं (मतदार यादीचं) काम, शिष्यवृत्ती, पोषण आहाराच्या नोंदी, सगळं त्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तो घ्यायचा आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे आवक क्रमांकासह द्यायचा. पद लगेच मिळणार नाही, हे खरंच. पण पुढच्या वर्षी कुणी विचारलं की 'तीन शिक्षक आहेत की, अजून कशाला?', तर तोंडी रडगाण्याऐवजी हा कागद पुढे करता येईल.