अंडं पाण्यात, साडू दारात

“फुटलं वाटतं अंडं?”

फुटलं नव्हतं, फोडलं गेलं होतं. पण हे साडूंना सांगायचं म्हणजे त्यांचा हात अजून गॅसच्या बटणावर आहे, हेही सांगणं आलं. आणि सासरच्या नात्यात इतकं स्पष्ट बोलायची पद्धत नाही. तेव्हा गिळलेलं इथे बोलतो.

पोच्ड एग म्हणजे टरफलाचा आधार काढून घेऊन अंडं गरम पाण्यात सोडायचं आणि तीन-चार मिनिटांनी पांढरं घट्ट, बलक वाहता अशा अवस्थेत ते परत मिळवायचं. तेल नाही, मसाला नाही, झाकायला काहीच नाही. ऑम्लेट फाटलं तर ढवळून वेगळ्या नावाने वाढता येतं, इथे ती सोय नाही. अशा कामाला प्रेक्षक नसावेत. मला साडू लाभले होते. चौकटीला खांदा टेकवून, हाताची घडी घालून, परीक्षकासारखे उभे.

“हे गाळणीत काय ठेवलंय?”

“अंडं.”

“अंडं गाळताय?”

“हो.”

“का? कचरा निघतो?”

कचरा निघत नाही, पातळ पांढरं निघतं. अंड्यातलं पांढरं सगळं एकसारखं नसतं. बलकाला बिलगून असतं ते दाट, आणि त्याच्या बाहेर पाण्यासारखं पातळ. पाण्यात पडल्या पडल्या ज्याच्या चिंध्या होतात, ते हे पातळ. टरफलाला बारीक छिद्रं असतात. दिवस जातील तसा त्यांतून आतला कार्बन डायऑक्साइड निसटतो, पांढरं अधिकाधिक अल्कधर्मी होतं आणि दाट होतं तेही पातळ होत जातं. बलकावरचा पापुद्राही सैल पडतो. म्हणून अंडं आधी वाटीत फोडायचं, मग बारीक जाळीच्या गाळणीत अलगद ओतायचं, हलकेच एक-दोनदा फिरवायचं. चमचाभर पातळ पाणी खाली पडतं. उरलेलं अंडं पुन्हा वाटीत घ्यायचं. चिंध्यांचा प्रश्न इथेच जवळपास मिटतो.

हे मी सांगितलं. साडूंनी मान डोलावली आणि म्हणाले, “ते सगळं ठीक आहे, पण व्हिनेगर?”

ही व्हिनेगरची मंडळी सगळीकडे असतात. आम्लाने पांढरं लवकर गोठतं, हे खरंच आहे. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा पुरतो. पण अंड्याला आंबूस वास राहतो आणि वरचा थर खडबडीत, निस्तेज होतो. गाळलेल्या ताज्या अंड्याला त्याची गरज पडत नाही. अंडं जुनं असेल आणि गाळणी नसेल, तर घाला बापडे.

“मग भोवरा तरी करा! चमच्याने असं गरगर गरगर…” इथे त्यांनी हवेत एवढा जोरदार भोवरा केला की शेजारच्या कपाटाचं दार उघडलं.

भोवरा करतात, मान्य आहे. फिरत्या पाण्यात पांढरं बलकाभोवती गुंडाळलं जातं. पण तो एकाच अंड्याचा खेळ आहे. दुसरं सोडलं की ते पहिल्यावर आदळतं. आणि घरात खाणारे चार.

“मग एकेक करा.”

“चार चोक सोळा मिनिटं लागतील. पहिल्याचं गार होईल.”

“मग एकेकाने खायचं.”

यावर काय बोलणार? मी बोललो नाही, याचा अर्थ त्यांनी विजय असा घेतला आणि स्वतःच खण उघडून क्लिंग फिल्मचा रोल काढला. त्यात अंडं बांधून पुरचुंडी पाण्यात सोडायची म्हणे. फिल्मला आतून तेल लावलं नाही तर पांढरं चिकटून फाटतं, फिल्म उष्णता सहन करणारी आहे का ते पाहावं लागतं, आणि एवढं करून अंड्यावर प्लॅस्टिकच्या सगळ्या सुरकुत्या उमटतात. पाण्याचा स्पर्शच झाला नाही तर त्याला पोच कसं म्हणायचं? सिलिकॉनच्या वाट्यांचंही तेच. त्यांत अंडं वाफेवर शिजतं. चांगलं लागतं, पण कारखान्यात ठोकून काढल्यासारखं गोल दिसतं.

मला राग कशाचा येतो? सगळा सल्ला पाण्याबद्दल. व्हिनेगर, भोवरा, मीठ, पिशवी. अंड्याचं वय कोणी विचारत नाही. खोक्यावर तारीख असते, पण ती बहुधा माल भरल्याची किंवा संपवायची. अंडं घातलं गेलं कधी, ते कोंबडीला ठाऊक. घरच्या घरी तपासायला गार पाण्याचं भांडं पुरतं. अंडं तळाशी आडवं झोपलं तर ताजं. बोथट टोक वर करून उभं राहिलं तर आतली हवेची पोकळी वाढलेली, म्हणजे जुनं. ते उकडायला ठेवा, त्याचं टरफल उलट सहज सुटतं. तरंगलं तर सरळ टाकून द्या. हे कोणी सांगत नाही, कारण यात गरगर फिरवायला काही नाही.

आणि ते फोटो! गुळगुळीत, शेपूटही नसलेली अंडी. बऱ्याच हॉटेलांत ती आधीच करून बर्फाच्या पाण्यात ठेवतात, कडा कात्रीने छाटतात आणि वाढताना मिनिटभर गरम पाण्यात बुडवून देतात. चार माणसांसाठी घरीही हाच मार्ग बरा: किंचित कच्ची असताना काढायची, बर्फाच्या पाण्यात टाकायची, मग फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. कात्री मात्र फोटोत कधी दिसत नाही, आणि घरचा माणूस उगाच स्वतःला करंटा समजत बसतो.

असो. पातेल्यात आठ-दहा सेंटिमीटर पाणी होतं. उथळ पाण्यात अंडं तळाला बसून चपटं होतं. तापमान ८० ते ८५ अंश सेल्सिअस. थर्मामीटर नसला तर तळाशी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात, एखाद-दुसरा वर येतो, पृष्ठभाग शांत राहतो. पांढरं साठीच्या थोडं पुढे गोठू लागतं, पण पुरतं घट्ट व्हायला ऐंशीच्या आसपास जावं लागतं. बलक मात्र पासष्टला दाटतो आणि सत्तरला वाहायचा थांबतो. म्हणजे बाहेर ऐंशी आणि आत पासष्टच्या खाली, एवढ्या फटीतून अंडं बाहेर काढायचं असतं. वाटीची कड पाण्याला टेकवून मी ते सोडलं. पांढरं आपणहून बलकाभोवती मिटलं. एकही चिंधी नाही.

“पाणी उकळतंय कुठे?” साडू म्हणाले. “गॅस मोठा करू का?”

‘करू का’ हे ते बटण फिरवून झाल्यावर म्हणाले. खळाखळा उकळी आली. उकळत्या पाण्याचे बुडबुडे अंड्याला खालून ढुशा देतात, न गोठलेलं पांढरं फाडतात, बलकाला तळावर आपटतात. तसंच झालं. पाणी पिवळं झालं. आणि मग तो प्रश्न, अगदी कळवळ्याने विचारलेला.

दुसरं अंडं मी पाठीने गॅस अडवून केलं. साडेतीन मिनिटं. झाऱ्यावर उचलून बोटाने दाबून पाहिलं: पांढरं घट्ट, मधे लिबलिबीत. झारा क्षणभर कागदी रुमालावर टेकवला, नाहीतर ताटलीत पाण्याचं तळं होतं. साडूंनी काट्याने टोचलं, बलक वाहिला, आणि ते दचकले.

“अहो, हे कच्चंय! मला बलक घट्ट लागतो.”

लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांच्यासाठी बलक घट्ट करावाच. वाहत्या बलकात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू जिवंत राहू शकतो. साडू यांपैकी काही नव्हते. तरी त्यांचं अंडं परत पाण्यात गेलं.

भांड्यांचं तेवढं राहिलं. गाळणीला गरम पाणी लावायचं नाही, जाळीतलं पांढरं तिथेच शिजून बसतं. आधी गार पाण्याची धार धरायची, मग साबण. वाळू दिलं असेल तर ब्रशने दोन्ही बाजूंनी घासायचं; आणि या घरात अशी कामं माझ्याच वाट्याला येतात.