अनुदानाच्या अर्जातला 'पुरावा' नावाचा रकाना

गेल्या महिन्यात सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे चढवून रात्री देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या आदिवासी उत्सवाचे, लाकडी मुखवटे घडवणाऱ्या आणि तरुणपणी स्वतः सोंगे नाचवलेल्या एका वृद्ध कलावंताचा मानधनाचा अर्ज भरून द्यायचा होता. नाव, वय, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक इथपर्यंत सारे सुरळीत पार पडले आणि मग 'कलावंत असल्याचा पुरावा' हा रकाना आला. त्यात प्रमाणपत्रे, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रणे, छायाचित्रे अशी अपेक्षा असते. "बाबा, पेपरात कधी काही छापून आलं होतं का?" असे मी विचारले, तेव्हा ते अगदी सहजपणे म्हणाले, "सर, सोंगं रातची निघतात. पेपरवाला दिवसाच येऊन जातो."

नाशिकच्या हौशी रंगभूमीवर पंचवीसेक वर्षे काढल्यानंतर आता मी प्रामुख्याने संस्थांचे अर्ज आणि हिशेब लिहून देण्याचे काम करतो. (नटापेक्षा कारकून म्हणून मला अधिक मागणी आहे, हे मी केव्हाच मान्य केले आहे.) त्यामुळे अनुदाने, मानधन आणि अभ्यासवृत्ती यांबद्दल जे लिहितो आहे ते रागाने लिहीत नाही, कागद हाताळून जे दिसले तेवढेच मांडतो आहे.

शासन कलावंतांसाठी काहीच करत नाही, हे आपल्याकडचे आवडते विधान खरे नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. पूर्वी तिच्यात अ, ब, क अशा श्रेणी होत्या आणि क श्रेणीतल्या कलावंताच्या वाट्याला महिन्याला २,२५० रुपये येत. एप्रिल २०२४ पासून सरसकट ५,००० रुपये झाले. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना याहून व्यापक आहेत. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांना महिना ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती, २५ ते ४० वयोगटासाठी महिना १०,००० रुपयांची कनिष्ठ अभ्यासवृत्ती आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी महिना २०,००० रुपयांची वरिष्ठ अभ्यासवृत्ती असून तिन्हींचा कालावधी दोन वर्षांचा आहे. माझ्या मते सर्वांत शहाणी योजना मात्र गुरु-शिष्य परंपरेसाठी दिल्या जाणाऱ्या अनुदानाची आहे, कारण तिच्यात गुरूला आणि शिष्यांना दरमहा पैसे मिळतात, म्हणजेच प्रयोगाच्या एका रात्रीऐवजी तालमीच्या साध्या दिवसांची किंमत मोजली जाते.

या शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबावेसे वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हा संमेलनाला राज्याकडून मिळणारे अनुदान ५० लाख रुपये होते आणि २०२३ मध्ये ते २ कोटी झाले. संमेलन हवेच, मीही तिन्ही दिवस आडगावला जाऊन आलो आणि पुस्तकांचे ओझे वाहून पाठ धरून बसलो. तरीही तीन दिवसांच्या मांडवासाठी जितक्या सहजतेने रक्कम वाढते, तितक्या सहजतेने तीनशे दिवसांच्या रियाजासाठी ती वाढत नाही, हे लपून राहत नाही. पुरस्कारांचेही तसेच आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठान १९९१ पासून एक वर्षाआड जनस्थान पुरस्कार देते, आणि तो या शहराचा अभिमान आहे. परंतु पुरस्कार हा झालेल्या कामाला केलेला नमस्कार असतो. अभ्यासवृत्ती ही अजून न झालेल्या कामाला दिलेली उधारी आहे. पहिल्याची आपल्याला चांगली सवय आहे, दुसरी द्यायला मात्र हात आखडतो.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर आयुष्याच्या उत्तरार्धात पंचवटीत येऊन राहिले, हे नाशिककर कौतुकाने सांगतात. ते का आले हे सहसा सांगत नाहीत. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी काढलेले गांधर्व महाविद्यालय लोकांच्या देणग्यांवर उभे राहिले होते. पुढे मुंबईत त्यांनी संस्थेची इमारत बांधली आणि ती कर्जापायी लिलावात गेली. विद्यार्थी होते, कीर्ती होती, श्रोते होते. नव्हता तो दर महिन्याचा भरवशाचा पैसा. ज्यांना अनुदान म्हणजे कलावंताला आळशी बनवण्याचे साधन वाटते, त्यांनी पलुस्करांच्या आळसाचे एखादे उदाहरण मला जरूर सांगावे.

आता हिशेबाची बाजू. काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेच्या एका नाट्यप्रयोगाला अनुदान मंजूर झाले होते. रक्कम हाती येईपर्यंत वर्ष उलटून गेले आणि तोवर आमच्या खजिनदारांनी स्वतःच्या मुदत ठेवीवर कर्ज काढून सगळ्यांची देणी भागवली होती. म्हणजे त्या अनुदानाचा लाभ घेण्यासाठी खजिनदाराकडे मुदत ठेव असणे ही एक अलिखित अट होती. अनुदान ठरल्या कामावरच खर्चले हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रासोबत बिले जोडताना तर आणखी एक गंमत लक्षात आली. मांडववाला जीएसटीचे बिल देतो, ध्वनियंत्रणावालाही देतो, फलक छापणारा तर मागण्याआधीच देतो. संबळवाला देत नाही, पावरी हे सुषिर वाद्य फुंकणारा देत नाही, रात्रभर नाचलेल्या दहा जणांना चहा-भाकरी करून घालणारी बाई तर मुळीच देत नाही. परिणामी, कागद नीट बसावा म्हणून संस्था मांडवावर आणि ध्वनियंत्रणेवर जास्त खर्च दाखवू लागतात, आणि हळूहळू खरोखरच तो तसा करू लागतात. कलेसाठी आलेल्या पैशातला मोठा वाटा अशा रीतीने कलेच्या आजूबाजूलाच जिरतो, आणि यात कोणी चोरी केलेली नसते.

पुरावा मागूच नये, असे माझे म्हणणे अजिबात नाही. ज्यांची एकमेव कला म्हणजे ओळखीपाळखी, असेही अर्जदार मी पाहिले आहेत, आणि गंमत म्हणजे कात्रणांची सर्वांत जाड फाईल त्यांच्याकडेच असते. प्रश्न एवढाच की, छापील कागद हा पुरावा कोणाचा ठरतो? शहरातल्या, प्रसिद्धीची सोय असलेल्या माणसाचा.

याला एक उपाय कायद्यातच पडून आहे. सुरगाणा आणि पेठ हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि तिथे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. लोकांच्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे तो कायदा स्पष्ट शब्दांत म्हणतो. कोणत्या घराण्याकडे कोणत्या सोंगाचा मान आहे, मुखवटे कोण घडवते, संबळावर कोण बसते, हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. तेव्हा जी ग्रामसभा परंपरा जपण्यास सक्षम आहे, ती परंपरा कोण जपतो आहे हे सांगण्यासही सक्षम मानली पाहिजे. तिचा ठराव हाच कलावंत असल्याचा पुरावा म्हणून स्वीकारावा, आणि शंका असेल तर पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याने बोहाड्याच्या रात्री येऊन बसावे. जेवणाची सोय गाव करील.

भाषेचा अडसरही असाच दूर होण्यासारखा आहे. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली खासगी संस्था भारतीय भाषांतले प्रस्ताव स्वीकारते, म्हणजे मराठीत लिहिलेला प्रस्ताव वाचणारा माणूस बंगळुरात सापडू शकतो. मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांना सामाजिक दायित्व निधीसाठी येणारे प्रस्ताव मराठीत वाचायला काय हरकत आहे? कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला आणि संस्कृतीचा स्वच्छ उल्लेख आहे. आमच्याकडे मात्र इंग्रजी सादरीकरणाच्या पंधरा चौकटी मागितल्या जातात, आणि त्या बनवणारा मुलगा मानधन घेतो ते बहुधा त्या प्रकल्पातल्या कोणत्याही कलावंताहून अधिक असते.

बाबांच्या अर्जाला आम्ही ग्रामसभेचा ठराव जोडला. ठरावावर बायाबापड्यांच्या सह्या आणि अंगठे मिळून दोन पाने भरली. कार्यालयातल्या लिपिकाने तो दोनदा वाचला, वरिष्ठांना विचारून आला आणि अखेर अर्ज दाखल करून घेतला. पोच माझ्यासमोर आहे. तिच्यात 'कलाप्रकार' या शब्दापुढे 'इतर' असे लिहिले आहे.