‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मेळघाटात आरोग्य खात्याने भूमकांना, म्हणजे कोरकू आदिवासींच्या पारंपरिक वैदू-मांत्रिकांना, सोबत घ्यावं, या माझ्या लेखावर ‘एक वाचक’ यांची प्रतिक्रिया आली आहे. पोरांच्या पोटावर डंबा, म्हणजे तापल्या विळ्याचे चटके, देणाऱ्यांना मान देणं म्हणजे अंधश्रद्धेवर सरकारी शिक्का मारणं, त्यांना सरळ आत टाका, असं त्यांचं म्हणणं. वर विचारतात, “शहरात बसून लिहिणाऱ्यांनी मेळघाट नकाशात तरी पाहिलाय का?”

मतभेदाचं मला वावडं नाही. पण ही कुठली भाषा? माझे वडील धारणी तालुक्यात आरोग्य सेवक होते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये मी लहानाचा मोठा झालो. तापल्या विळ्याने उठलेले चट्टे मी पेपरात वाचले नाहीत, समोरच्या खाटेवर पाहिलेत. एकदा असंच एक बाळ आलं होतं. पोट टम्म फुगलेलं, रडून घसा बसलेला, आणि आई सलाईन लावू देईना. वडिलांनी पोलिस बोलावले नाहीत, तिच्या गावचा भूमका बोलावला. तो खाटेशी उकिडवा बसला, तिच्याशी कोरकूत काहीतरी बोलला. तिने बाळाचा हात नर्सच्या हाती दिला. हा माणूस त्या दिवशी कोठडीत असता तर बाळाचं काय झालं असतं, ते आपणच सांगा!

डंब्यावर मी दोनच ओळी लिहिल्या, जास्त हव्या होत्या, एवढं मान्य. तो बंद झालाच पाहिजे. पण गुन्हा नोंदवला की घरचे लोक चट्टे झाकतात आणि न्यूमोनियाचं पोर दवाखान्यात आणतच नाहीत. पोर आधी भूमकाकडेच जातं. मग श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का, हे त्यालाच ओळखायला शिकवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, सुइणींनाही सोबत घेतलं. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. वाचा जरा.

‘एनजीओचे दलाल’ वगैरेवर मी वेळ घालवणार नाही. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मलाही माहीत आहे. साप चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्र टाकत बसणं हा त्यात गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. जो भूमका अडवतो त्याच्यावर लावा की तो. जो पेशंटला स्वतः घेऊन येतो त्याला केंद्रात बसायला बाक द्या, एवढंच मी लिहिलं होतं. लेख नीट वाचा, आणि पुढच्या वेळी नावानिशी लिहा.