"कृषी खातं बंद करा" म्हणे! त्या फॉरवर्डचा हिशोब

परवा गावच्या ग्रुपवर तो मेसेज तिसऱ्यांदा आला, तोच तो 'कृषी खातं म्हणजे पांढरा हत्ती' वाला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: कृषी सहायक कधी बांधावर येत नाही, नवीन तंत्रज्ञान सगळं कंपन्यांनी आणलं, बाकी यूट्यूबवर फुकटात मिळतं, म्हणून खातं बंद करा आणि पगाराचा पैसा सरळ शेतकऱ्याच्या खात्यात टाका. खाली हात जोडलेले चार इमोजी. मी शेतकऱ्याचाच पोरगा आहे, सोयाबीन-तूर-थोडी पऱ्हाटी (कापूस), खात्यात माझं कोणी नाही, तरी उत्तर द्यावं वाटलं.

"बांधावर कोणी येत नाही"

हे बऱ्यापैकी खरं आहे, उगाच नाकारत नाही. 2003 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात 100 पैकी 60 शेतकरी कुटुंबं म्हणाली की आम्हाला कुठूनच सल्ला मिळत नाही, आणि सरकारी विस्तारवाल्याकडून, म्हणजे शेतकऱ्यांना सल्ला द्यायच्या कामावर असलेल्या माणसाकडून, मिळाला म्हणणारे फक्त 5.7 टक्के. लाज वाटावी असाच आकडा आहे. पण एका माणसाकडे चार-पाच गावं द्यायची, वरून अतिवृष्टीचे पंचनामे, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचे अनुदानाचे अर्ज, पीकविम्याच्या तक्रारी, सगळं त्याच्याच गळ्यात, मग तो बांधावर येणार कधी? 2025 मध्ये पदाचं नाव बदलून 'सहायक कृषी अधिकारी' केलं, ओझं तेवढंच.

आता त्याच सर्व्हेतला पुढचा आकडा बघा, जो फॉरवर्डवाले कधीच देत नाहीत. सगळ्यात जास्त, 16.7 टक्के, म्हणाले की आम्हाला दुसऱ्या शेतकऱ्याकडून कळलं. आणि विस्ताराचं काम मुळात चालतंच असं! गावातल्या सगळ्यांच्या घरी कोणी जात नसतं, एकाच्या वावरात प्रात्यक्षिक घ्यायचं आणि बाकीच्यांनी येता-जाता बघायचं. आमच्याकडे रुंद सरी वरंब्यावर (रुंद उंच वाफा, दोन्ही बाजूंनी पाणी निघायला सरी) सोयाबीन पहिल्यांदा एकानंच पेरलं, ते पण प्रात्यक्षिकात, आणि लोक हसले, म्हणे एवढी जागा कशाला वाया घालवतो. मग जुलैत पंधरा दिवस झड लागली, आमच्या सपाट पेऱ्यात पाणी तुंबून पानं पिवळी पडली आणि त्याचं पाणी सरीतून निघून गेलं. पुढच्या वर्षी असं पेरणाऱ्या बीबीएफ यंत्रासाठी नंबर लावायला लागले. आता त्यांना विचारा कुठून शिकलात, ते त्या शेतकऱ्याचंच नाव सांगतील, खात्याचं नाही.

"तंत्रज्ञान सगळं कंपन्यांनी आणलं"

बीटी कापूस 2002 ला कंपनीनंच आणला, मान्य. ठिबक घरोघर पोचवण्यात पण कंपन्यांचा मोठा वाटा आहे. पण मग मराठवाडा-विदर्भात ज्याच्यामागं लोक धावतात ते 726 सोयाबीन कोणाचं? फुले संगम, केडीएस 726. केडीएस म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन, सांगली जिल्ह्यातलं राहुरी विद्यापीठाचं संशोधन केंद्र. तुरीचं बीडीएन 711 बदनापूरचं, परभणी विद्यापीठाचं. उसाचं 86032 कोइम्बतूरच्या सरकारी संस्थेतून आलं आणि राहुरी विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्रानं इथं तपासून 1996 मध्ये दिलं, अजून कारखान्यांच्या शिवारात तेच उभं आहे.

आणि ही सगळी सरकारीच का, याचं कारण साधं आहे. सोयाबीनचं बियाणं घरचं धरता येतं, उसाचं बेणं आपणच तोडून लावतो, मग कंपनीला दरवर्षी गिऱ्हाईक कुठून मिळणार? जिथं दरवर्षी बॅग विकता येते तिथं कंपनी येते. त्यांचा धंदा आहे तो, राग नाही.

"द्राक्षवाले बघा, सरकारशिवाय शिकले" हे पण ऐकतो. शिकले, जबरदस्त शिकले. पण 2010 मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात माल अडकला, ते आठवा. आणि निर्यातीच्या बागेची नोंदणी, तपासणी कृषी खात्याचाच माणूस करतो.

"यूट्यूबवर सगळं आहे"

इथं मला जरा सविस्तर बोलायचंय. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही, आठवतंय ना? आदल्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला होता, बियाणं तेव्हाच भिजून खराब झालेलं. आम्ही बॅग घेतली एका दुकानातून (नाव नको), पेरली, आठ दिवसांनी ओळीत निम्मी जागा रिकामी. दुबार पेरणी. वडील दोन दिवस नीट बोलले पण नाहीत. दुकानदार म्हणाला तुम्ही खोल पेरलं.

पुढच्या मे महिन्यात सहायकानं पारावर बारदाना ओला करून पसरला, घरच्या पोत्यातले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी केली, सावलीत ठेवली, रोज पाणी शिंपडायला सांगितलं. चार-पाच दिवसांनी सगळ्यांसमोर उघडून मोजले. सत्तर किंवा वर उगवले तर एकरी 30 किलो, कमी असतील तर बियाणं वाढवा, साठच्या खाली असेल तर पेरू नका, विकून टाका. खर्च शून्य. हे व्हिडिओत पण आहे, हो, आहे! पण व्हिडिओ बघून किती जणांनी बारदाना ओला केला? आम्ही तरी नव्हता केला.

दुसरं, व्हिडिओवाल्याला तुमचं वावर माहीत नाही आणि दुकानदाराला तुमची उधारी माहीत आहे. कापसावरच्या बोंडअळीचं घ्या. विद्यापीठ सांगतं कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा, सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग आले किंवा शंभरात पाच-दहा फुलं-बोंडं किडलेली दिसली तरच फवारा, डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली फुलं) दिसल्या की तोडून नष्ट करा, फरदड (हंगाम संपल्यावर तीच पऱ्हाटी राखून घेतलेला कापूस) घेऊ नका. 'फवारू नका' हा सल्ला कोणतं दुकान देईल? तिथं तर एका पंपात दोन औषधं, वरून टॉनिक. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 च्या वर शेतकरी-मजूर गेले. अंगावर नीट कपडे नाहीत, डोक्याएवढी पऱ्हाटी, आणि मिश्रणं कोणाच्या सांगण्यावरून? कोणी तरी सांगायला यायला पाहिजे होतं आणि आलं नाही, हा खात्याचा गुन्हाच आहे. पण त्याच्यावर उपाय म्हणून खातंच बंद करायचं आणि सल्ला पूर्णच काउंटरवर सोडायचा, हे कुठलं गणित?

"पैसे सरळ खात्यात टाका"

टाका की. पण 2008 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर अळी तुटून पडली होती, त्यानंतर पुढच्या वर्षी क्रॉपसॅप सुरू झालं: ठरलेल्या वावरांत दर आठवड्याला जाऊन अळ्या मोजायच्या, आकडे वर पाठवायचे, विद्यापीठानं त्यावरून सल्ला द्यायचा. हे काम मी माझ्या खात्यातल्या दोन हजारात कसं करू? माझ्या वावरातली अळी मी मोजीन, तीस किलोमीटरवर काय चाललंय ते मला कोण सांगणार?

माणसं भरा, पंचनामे-अर्जांचं काम दुसऱ्याला द्या, आला नाही तर ग्रामसभेत जाब विचारा, असा मेसेज असता तर मीच पुढं पाठवला असता.

आणि हो, ग्रुपवर हा मेसेज सगळ्यात आधी टाकणाऱ्या काकांच्या वावरात यंदा पण 726 च आहे. बियाणं कुठून आणलं विचारलं तर म्हणे, शेजाऱ्याकडून.