माथेरानची गाडी दात्यांवर चढत नाही

पावसाळा सरून माथेरानची गाडी सुरू झाली की एक मजकूरही मोबाईलवरून फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: माथेरान, दार्जिलिंग आणि उटी या तिन्ही गाड्यांची इंजिनं एकाच साच्यातली. इंग्रजांनी विलायतेतला तयार माल आणला, दातेरी रुळांवर चढवला आणि खर्च वाचवायला इंजिनं खेळण्याएवढी ठेवली. आपल्या लोकांनी फक्त दगड फोडले, आणि पुढच्या शंभर वर्षांत त्यात काही केलं नाही. सोबत एका निळ्या इंजिनाचा फोटो. इंजिनाच्या पुढच्या टोकावर दोन माणसं बसलेली, आणि खाली लिहिलेलं ‘माथेरान’.

आधी दातेरी रूळ, म्हणजे रुळांमधली दात्यांची पट्टी, जिच्यात इंजिनाचं दातेरी चाक अडकतं. भारतात आज तो एकाच डोंगरात आहे, निलगिरीत. तिथेही पूर्ण मार्गावर नाही, कल्लार ते कुन्नूर एवढ्याच टप्प्यात. माथेरानला आणि दार्जिलिंगला गाडी साध्या गुळगुळीत रुळावरून, निव्वळ चाकांच्या पकडीवर चढते. हा फरक कुणाच्या लहरीतून आलेला नाही, साध्या गणितातून आलाय.

कोरड्या रुळावर इंजिनाला चाकांवरच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी ओढ मिळते असं धरा. म्हणजे १५ टनांच्या इंजिनाला ३ टन. २० फुटांना १ फूट असा चढ असेल तर दर टनामागे ५० किलोचा जोर गाडीला खाली खेचतो. वळणं आणि घर्षण धरून ६० म्हणू. तीन टनांत इंजिनासकट ५० टन चढतील, इंजिन वजा जाता मागे ३५ टन. धंदा चालेल. आता १२ फुटांना १ फूट चढ घ्या. दर टनामागे ९३ किलो, एकूण ३२ टन, मागे उरले १७. त्यात धुकं उतरलं, रूळ ओले झाले आणि पकड निम्म्यावर आली की इंजिन स्वतःला वर नेईल, डबे खालीच राहतील. माथेरान आणि दार्जिलिंग पहिल्या चढाचे, निलगिरीचा तो टप्पा दुसऱ्या.

म्हणून निलगिरीचं एक्स वर्गाचं इंजिन मुळातच वेगळं आहे. त्याला चार सिलिंडर. दोन नेहमीची चाकं फिरवतात, दोन दातेरी चाकं. बॉयलरची वाफ आधी पहिल्या जोडीत काम करते आणि दातेरी टप्प्यात बाहेर न सोडता दुसऱ्या जोडीत पाठवली जाते. कुन्नूरच्या वर उटीकडे दुसरी जोडी बंद. रुळांच्या मधोमध दोन दातेरी पट्ट्या शेजारी शेजारी, एकीचा दात तिथे दुसरीची खाच, म्हणजे कुठला ना कुठला दात कायम धरलेला. आणि इंजिन डब्यांच्या खालच्या बाजूला राहून त्यांना वर ढकलतं. जोडणी तुटलीच तर डबे दरीकडे सुटायला नकोत.

ओल्या रुळावर दार्जिलिंगवाले काय करत? वाळू टाकत. फोटोत पुढे बसलेली दोन माणसं तेच काम करतात, मुठीनं रुळावर वाळू सोडतात. तो फोटो दार्जिलिंगच्या बी वर्गाच्या इंजिनाचा आहे. (न्यायानं सांगायचं तर त्या वर्गातलं ७९४ क्रमांकाचं एक इंजिन पुढे नेरळला आलं. पण माथेरानची मूळची इंजिनं ती नव्हेत.)

‘विलायतेतला तयार माल’ हे तर सपशेल चूक. माथेरानची चारही मूळ इंजिनं जर्मनीच्या ऑरेनस्टाईन अँड कोपल कंपनीची, निलगिरीची एक्स वर्गाची स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची. दार्जिलिंगचा बी वर्ग १८८९ पासून ग्लासगोत बनला खरा, पण त्यातली तीन इंजिनं अमेरिकेच्या बाल्डविनची. आणि तयार तर यातलं काहीच नव्हतं. माथेरानची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची, आपल्या बार्शी लाईट रेल्वेवाला तोच. तीन जोड्या चाकांचं इंजिन तिथल्या वळणांवर घालायचं तर पुढची-मागची चाकं तिरपी व्हायला हवीत, पण बाहेरून त्यांना जोडणारे दांडे सरळच राहायला हवेत. त्यासाठी क्लीन-लिंडनर पद्धतीचा आस (चाकांची जोडी ज्यावर बसते तो दांडा) वापरला. आत भरीव आस, तो चौकटीत ताठ. त्याच्यावर पोकळ आस, चाकं त्या पोकळ आसावर, आणि दोघांची गाठ मधोमध एका गोल सांध्यात. वळण आलं की बाहेरचा आस वळतो, आतला जागेवर. माझ्या मते या सगळ्या इंजिनांतली ही सर्वांत देखणी युक्ती आहे, आणि देखभाल करणाऱ्याच्या डोक्याला सर्वांत ताप देणारीही.

खेळण्याएवढी का, याचं उत्तर अर्धं वळणांत आहे आणि अर्धं टाकीत. वेगळा टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, जोडला तर चढावर ते फुकटचं ओझं. तेच पाणी आणि कोळसा इंजिनाच्या अंगावर लादला की ओझ्याची पकड होते. दार्जिलिंगच्या इंजिनावर टाकी म्हणूनच बॉयलरवर खोगिरासारखी बसलेली आहे. शिवाय टेंडर नसलेलं इंजिन उलटंही तितकंच बरं चालतं, आणि दार्जिलिंगच्या मार्गात गाडी मागे घेऊन वर चढवायच्या जागा आहेत. तोटाही आहेच. पाणी संपत जातं तशी पकड ढिली होते आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबून टाकी भरावी लागते.

राहता राहिले दगड. माथेरानची रेल्वे सरकारनं किंवा कुठल्या इंग्रजी कंपनीनं काढलेली नाही. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती १९०४ ते १९०७ मध्ये बांधली. खर्च १६ लाख रुपये. आणि बी वर्गाची तीन इंजिनं तर डोंगरातच, दार्जिलिंग रेल्वेच्या तिनधारिया कारखान्यात तयार झाली.

‘शंभर वर्षांत काही नाही’ याला तारखाच पुरेत. एक्स वर्गाची आणखी पाच इंजिनं स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये घेतली. २०१० नंतर त्याच वर्गाची चार नवी इंजिनं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात बनली, कोळशाऐवजी तेलावर चालणारी.