मदरशातले गणित

मदरशांच्या आधुनिकीकरणाचा विषय निघाला की एक पक्ष म्हणतो, तिथे गणित-विज्ञान सक्तीचे करा. दुसरा म्हणतो, आमच्या दीनी, म्हणजे धार्मिक शिक्षणात ढवळाढवळ नको. दोघेही गणिताला बाहेरचा पाहुणा समजतात, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे.

दोन वर्षे मी एका मदरशात आठवड्यातून तीन दिवस गणित शिकवले. सोळा-सतरा वर्षांची मुले, पण अपूर्णांक म्हटले की माना खाली. एके दिवशी मी त्यांच्याच फराइजमधला, म्हणजे वारसाहक्काच्या वाटणीतला प्रश्न फळ्यावर मांडला. मयताच्या मागे पत्नी, आई, वडील आणि दोन मुली. पत्नीला 1/8, आईवडिलांना प्रत्येकी 1/6, मुलींना मिळून 2/3. छेद 24 घेतला, तर अंशांची बेरीज 27 आली. म्हणजे वाटे मालमत्तेहून जास्त झाले. मुलांना उत्तर तोंडपाठ होते, अशा वेळी 'औल' करून छेद 27 धरायचा. पण त्याने सर्वांचे वाटे सारख्याच प्रमाणात कमी होतात, पत्नीचा आठवा हिस्सा नववा होतो, हे एका मुलाने स्वतः ताळा करून पाहिले, आणि मग तो खडू खाली ठेवायलाच तयार होईना.

हे नवे नव्हे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचाच आहे. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्स-ए-निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात तर्कशास्त्र आणि गणित होते. 1866 मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला, तेव्हा परकी राजवटीत धर्मज्ञान टिकवण्याच्या चिंतेतून हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या अभ्यासाचे पारडे जड झाले. ती चिंता मला समजते. पण त्या काळाची गरज कायमची शिस्त होऊन बसली, याचे वाईट वाटते.

मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिले की शाळेच्या वयातील मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन टक्के मदरशांत जातात. त्यामुळे संपूर्ण समाजाच्या शिक्षणाचा निवाडा मदरशांवरून करणे अन्यायाचे आहे. पण त्या तीन टक्क्यांना वाऱ्यावर सोडणेही तितकेच चूक. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये मदरशांतील डी.एड. शिक्षकांचे मानधन 6,000 रुपयांवरून 16,000 करण्याचा निर्णय घेतला, हे योग्यच झाले. आता गणिताच्या शिक्षकाने आणि फराइज शिकवणाऱ्या मौलानांनी आठवड्यातून एक तास एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर उभे राहावे, एवढेच माझे मागणे आहे.