तर्रीचं टायपरायटर

गणपती आले की इंदूरच्या ऑर्केस्ट्रांना कीबोर्डातून ताशाची तर्री, म्हणजे जलद ठोक्यांची सलग लड, हवी असते. आणि वाजवून झाली रे झाली, की क्वांटाइझ 1/32, म्हणजे प्रत्येक ठोका मात्रेच्या आठ समान भागांच्या जाळीवर आपोआप सरकवणं! अहो, मात्रेला 480 टिक (काळाचे बारीक तुकडे) धरले तर सहा ठोक्यांची तर्री दर 80 टिकांवर पडते. 1/32 ची जाळी 60 ची. मग 80 चा ठोका 60 वर, 160 चा 180 वर. तर्री लंगडणारच! 1/16 ट्रिपलेट (मात्रेचे सहा भाग) ठेवा, नाहीतर क्वांटाइझ बंदच.

वर सगळ्या ठोक्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, 100. उजव्या हाताचा ठोका 95, डाव्याचा 70, सुरुवात 40 पासून चढती, एवढं तरी? (पोह्यांवर जिरावण मसाला मात्र मोजून लागतो.) शेवटची क्रॅश (झांजेचा दणका) फिलऐवजी, म्हणजे एकदाच वाजणाऱ्या भरावाऐवजी, व्हेरिएशनच्या, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या ठेक्याच्या, पहिल्या मात्रेवर टाकतात, मग दर आवर्तनाला धडाम्!